बाबांचं माप

पुणे,
९ नोव्हेंबर २०२४

ताई,

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी दोन वाक्यांनंतर आपण बोलत नाही, भांडतो. म्हणून हे पत्र. कितीतरी वर्षांनी हाताने लिहितोय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात जे झालं ते मला पुन्हा उगाळायचं नाही. बाबांनी बनवलेली छोटी लाईन मी टेम्पोत घालून इकडे आणली, ते तुला आवडलं नाही. ठीक आहे. पण तिथे सपरीत, त्या पडवीत, ती उंदरांनी आणि ओलीने संपली असती. इथे निदान चार लोक बघतील.

आता कामाचं. मार्चच्या शेवटी बाबांसाठी मी इथे एक मोठं काम काढलं आहे. सगळं ठरलं की सविस्तर लिहीन. पण त्यासाठी बाबांचं माप लागणार आहे, त्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. ते तुझ्याकडेच असणार. शोधून कुरिअरने पाठव. वेळ कमी आहे, एवढं मनावर घे.

रुचिका तुझी आठवण काढते.

तुझा,
ओमेश्वर


सौंदड,
२१ नोव्हेंबर २०२४

बाबू ओमेश्वर,

तुह्यं पत्र भेटलं. पोस्टमन बी हासला. म्हणे बाई, आता बँकेच्या कागदाबिगर कोणाची चिठ्ठी येत नाही, तुमचीच आली.

तू ताई लिवलंस. घरी तं बाई म्हणत होतास. पुण्यात बाई म्हटलं तं भांडीवालीले हाक मारल्यासारखं होते, हे तुह्या बायकोनं, रुचिकानं, मले मागंच सांगतलं होतं. चालते. ताई तं ताई.

पण पत्र वाचून मले खरंच बरं वाटलं. मी समजून राहिली होती की तू बाबाची बरसी विसरला असशील. कुळातला यादोरावदादा दोनदा विचारून गेला, ओमेश्वर येते का नाही म्हणून. मी तोंड लपवत होती. आता ठासून सांगते, माह्या भावानं आतापासून कपड्याची तयारी चालू केली.

तं माप पाठवून राहिली. बाबाची बंडी आहे. लोकं माह्याकडं ब्लाऊज शिवायले येतात तं मापाचा जुना ब्लाऊज आणतात, फुटपट्टीचं माप कोणी आणत नाही. तसंच हे समज. खांद्यावर उसवली आहे तिकडं पाहू नको. गळा अन् छाती बरोबर आहे. शेवटी शेवटी बाबा वाळून गेले होते, ते माप धरायचं नाही. हे धडधाकट होते तेव्हाचं आहे. अन् डावा खिसा लोखंड ठेवून ठेवून फाटला आहे, मी दोन वेळा ठिगळ लावलं तरी फाटला. नव्या बंडीले खिसा जाड शिवायले सांगजो.

कपडे बिसरामकाकाले देऊ. रेल्वेच्या गँगमध्ये दोघं संग होते, अंगकाठी बी बाबासारखीच आहे. बाबाच्या जागी त्यायले पाटावर बसवू. अन् तू चौरीपाशी, कुळाच्या देवाच्या ओट्यापाशी बसशील. देवघरात बाबाले पितरांत मिळवायचं काम पोराचं आहे, मी पोरगी, लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली. नवरा मेल्यावर परत आली तरी चौरी मले परत घेत नाही. म्हणून तू पाहिजे.

मशीन माह्या घरी अन् कपडा पुण्यात शिवला, असं लोकं म्हणतील. म्हणू दे. पोरानं शिवून आणलेला बरा.

टेम्पोचं मी विसरली असं समजू नको. पण तू बरसीले आला तं त्याचं नाव काढणार नाही, हे लिवून देते.

धान कापून झाला. चुरून दाणे काढणं बाकी आहे.

तुही,
बाई


पुणे,
३० नोव्हेंबर २०२४

ताई,

पार्सल उघडलं तर आत जुनी बंडी. मला काही कळेचना. रुचिकाने विचारलं हे काय. मग तुझं पत्र वाचलं.

चूक माझी, मी नीट लिहिलं नाही. माप म्हणजे कपड्याचं माप नाही गं. रुळांचं माप. गेज.

आता सविस्तर लिहितो. इथे मॉडेल रेल्वे करणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं आहेत, पण खेळण्यातली गाडी फिरायला लागली की पोरांसारखी होतात. मार्चच्या शेवटच्या शनिवार-रविवारी त्यांचं प्रदर्शन आहे. बाबांची छोटी लाईन मी त्यांना दाखवली. आपलं नॅरोगेजचं जुनं सौंदड स्टेशन, चुलबंदी नदीवरचा पूल, छत्रीच्या काड्या ठोकून केलेले रूळ, बांबूचे स्लीपर. सगळे थक्क झाले. मधल्या हॉलमध्ये जागा द्यायला तयार आहेत, बाबांच्या नावाची पाटी लावून. रेवाराम चाबीवाला, ज्यांनी जन्मभर रुळावर चालत, रूळ धरून ठेवणाऱ्या सैल लोखंडी चाब्या ठोकल्या, त्यांची छोटी लाईन. हे ते मोठं काम.

पण टेम्पोत एक फळी तडकली. तिच्यावरचे रूळ सुटले आणि वळणावरचेही हलले. आता नव्याने ठोकायचे तर दोन रुळांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं, नाहीतर इंजीन पडतं. त्यासाठी बाबांकडे एक छोटी पट्टी होती. पितळी, बोटभर लांब, दोन टोकांना दोन खाचा. रुळांवर ठेवायची, खाचा बसल्या की अंतर बरोबर. मला ती स्पष्ट आठवते. ती मिळाली तर बाकी मी करून घेईन.

बंडी परत पाठवतो आहे. ती धुतलेलीही नव्हती आणि इथे फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही. गैरसमज करून घेऊ नकोस.

बरसीचं मार्च जवळ आल्यावर बघू.

ओमेश्वर


सौंदड,
१५ डिसेंबर २०२४

ओमेश्वर,

बंडी भेटली. धुतली नव्हती कारण मुद्दाम धुतली नव्हती. धुतलेल्या बंडीत बाबाचं काही राहत नाही. तुले वास आला असेल. मले बी येते, म्हणूनच ठेवली.

मी यादोरावदादाले सांगून बसली होती की माहा भाऊ कपडे शिवून राहिला. आता त्याले काय सांगू? खेळण्याच्या गाडीचं माप पाहिजे होतं म्हणू? मी काही सांगतलं नाही. तू बी सांगू नको.

तुही पितळी पट्टी घरात नाही. मी पेटी पाह्यली, सपरीतला माळा पाह्यला, बाबाच्या खाटेखालचा डबा पाह्यला. कानस आहे, दोन हातोड्या आहेत, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आहेत. पितळेचं म्हणावं तं देवघरातली घंटी तेवढी आहे, ती तुले चालत असली तं सांग.

बिसरामकाकाले विचार. बाबाच्या हत्याराचं त्यायलेच माहीत. पण फोनवर विचारू नको, कान गेले त्यायचे. समोर बसून, तोंडापाशी जाऊन बोला लागते. नागपूरपासून कोहमाऱ्यापर्यंत बस सरळ आहे, तुले माहीत आहे. कोहमाऱ्याले उतरला तं शेजारचा विक्की गाडीवर आणून सोडेल. बिसरामकाका उन्हात बसून असते सकाळी. एका दिवसाचं काम आहे.

चुरणं झालं. यंदा धान बरा आहे. तुह्या हिश्शाचे तांदूळ काढून ठेवले, त्यासाठी तरी ये.

बाई


पुणे,
४ जानेवारी २०२५

ताई,

दहा-बारा तासांचा प्रवास करून एका पट्टीसाठी येणं मला शक्य नाही. वर्षअखेर आमच्याकडे काय धावपळ असते हे तुला सांगूनही कळणार नाही.

विक्कीला फोन करून बिसरामकाकांकडे पाठवलं. त्याने मोबाईल काकांच्या कानाला लावला. मी ओरडून ओरडून विचारलं, शेजारचे दार उघडून बघायला लागले. काकांनी एकच वाक्य तीन वेळा म्हटलं. "तुह्याच हातात देल्ला होता न गा मीनं." मी विचारलं कधी, कुठे. तर पुन्हा तेच. मग विक्कीला म्हणाले, "त्याले म्हण, बापाचा आहे म्हणून सांगूनच देल्ला होता," आणि फोन परत केला.

मला वाटलं, टेम्पो भरताना दिलं असेल आणि मी कशात तरी टाकलं असेल. दोन रविवार घालवून सगळी खोकी उपसली. इंजिनाचा डबा, तारांची पिशवी, स्टेशनच्या छपराखालची पोकळी, काही म्हणजे काही सोडलं नाही. नाही मिळालं. काकांचं वय झालं आहे, कोणाला काय दिलं ते आठवत नसेल. बाबा गेले तेव्हा ते काय बोलत होते ते तरी कोणाला कळत होतं?

तू घरात बसून असतेस. मला इतकंच म्हणायचं आहे की मनापासून शोधलंस तर मिळेल. आणि तू मनापासून शोधत नाहीस असं मला वाटायला लागलं आहे. राग माझ्यावर आहे तर माझ्यावर काढ. बाबांच्या कामावर काढू नकोस. क्लबवाले दर आठवड्याला विचारतात आणि मी दर आठवड्याला बहिणीचं नाव सांगतो.

ओमेश्वर


सौंदड,
२० जानेवारी २०२५

ओमेश्वर,

बिसरामकाका बहिरा आहे, खोटा नाही. हातात देल्ला म्हणते तं देल्लाच असेल. तू आठवून पाहा. खोक्यात नको पाहू, आठवून पाहा.

अन् मी घरात बसून असते म्हणतोस. बरोबर आहे. बाबाले दोन वर्षं अंगावर घेऊन बसली होती, तेव्हापासून सवय पडली.

खुशी माह्याकडं शिवण शिकाले येते, जागेश्वरची नात. तिनं मोबाईलवर तुहा व्हिडिओ दाखवला. कोट घालून उभा आहेस, मागं बाबाची गाडी. माईक घेतलेली एक पोरगी विचारते कसं बनवलं, तं तू म्हणतोस, बाबा आणि मी, आम्ही दोघांनी मिळून, सुट्टीच्या दिवशी, अंगणात. खुशी म्हणे मावशी, तुमचं अंगण किती मोठं दिसते. मी म्हटलं मस्त आहे, पाह्य.

कोणती सुट्टी गा? बाबानं पहिला रूळ ठोकला तेव्हा ते रिटायर होऊन वर्ष झालं होतं अन् तुहं लग्न होऊन गेलं होतं. तू दिवाळीले आला की त्या फळीले वळसा घालून जायचास, म्हणायचास कायले हा पसारा. छत्रीच्या काड्या मी मागून आणायची. गावात कोणाची छत्री मोडली की मोडल्याबरोबर माह्या घरी. मी सरळ धरायची, बाबा ठोकायचे. मी नाव मागत नाही. मले त्या व्हिडिओत उभं राहायचं नाही. पण बाबानं जे कोणासंग बनवलं त्याच्या जागी तू स्वतःले ठेवलंस, तेवढं मले लागलं. हे मी तोंडावर बोलली असती तं ओरडून बोलली असती, म्हणून पत्र बरं.

बाबाचा गेज दिवसभर बंडीच्या डाव्या खिशात राहत होता. जेवतानी बी. झोपले तरी काढत नव्हते, कुशीवर वळले की टोचायचा, तरी नाही. तू मांगतोस त्याची मले किंमत नाही असं समजू नको.

आता माहं ऐक. बरसी तीस मार्चले आहे, रविवार. ब्राह्मणाले सांगून झालं, कुळातले सगळे येतात. तू दोन दिवस आधी ये. मी बिसरामकाकाले घरीच बोलावते. तुह्यासमोर विचारू, तुह्यासमोर हुडकू. मी तुले शब्द देते, तू आला तं तो गेज कुठं आहे ते तुले कळल्याबिगर परत जाणार नाहीस.

कपडे मी इथंच शिवायले घेतले. तू फक्त ये.

बाई


पुणे,
१६ फेब्रुवारी २०२५

ताई,

गेज आता शोधू नकोस. क्लबमधल्या एकाने परदेशातून मागवलेलं तयार गेज मला दिलं. खास याच कामासाठी बनवतात, केसाचाही फरक चालत नाही.

ते बाबांच्या रुळांवर ठेवून बघितलं तेव्हा धक्का बसला. एका ठिकाणी बसत नाही. कुठे जास्त, कुठे कमी, आणि सरळ लाईनीत जे आहे ते वळणावर नाही. म्हणजे बाबांची ती पट्टीच चुकीची होती. इतकी वर्षं गाडी फिरत होती हेच आश्चर्य. क्लबवाल्यांनी हसून नाही, अगदी समजुतीने सांगितलं की जुने रूळ दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. सगळे काढायचे आणि तयार रूळ बसवायचे. आता तेच चाललं आहे. स्टेशन, पूल, झाडं, सगळं बाबांचं राहील. फक्त रूळ नवे. बाबांचं इंजीन त्यावर चालत नाही, चाकं बसत नाहीत, म्हणून ते काचेच्या पेटीत ठेवायचं आणि वर विकतचं इंजीन फिरवायचं ठरलं. छान दिसतं. तू बघशील तर तुलाही आवडेल.

जुने रूळ एका खोक्यात भरून बाल्कनीत ठेवले आहेत.

बरसीचं. प्रदर्शन एकोणतीस आणि तीस मार्चला आहे. तारीख बदलणं माझ्या हातात नव्हतं. तीसला दुपारी पाहुण्यांच्या हस्ते बाबांच्या पाटीचं अनावरण आहे, तिथे मी नसलो तर कसं दिसेल? तू विचार कर, हेही एक प्रकारे बाबांचंच आहे. हजारो लोक त्यांचं नाव वाचतील. चौरीपाशी यादोरावदादाला बसव. तोही कुळातलाच आहे, चालतं असं मी इथल्या गुरुजींना विचारून घेतलं आहे.

तुझा व्हिडिओबद्दलचा राग समजला. बोलण्याच्या ओघात माणूस बोलून जातो.

ते जुनं माप यदाकदाचित सापडलंच तर पाठवू नकोस. टाकून दे. आता त्याचा उपयोग नाही.

ओमेश्वर


सौंदड,
६ एप्रिल २०२५

ओमेश्वर,

बरसी झाली.

यादोराव बसला तुह्या जागी. त्याचं काही चुकलं नाही, मंत्र म्हटले, हात जोडले, बाबाले पितरांत मिळवलं. मी देवघराच्या दारात उभी होती. आत येऊ नको असं कोणी म्हटलं नाही, ये असं बी कोणी म्हटलं नाही. पंगतीत दोन-चार जणांनी विचारलं, पोरगा कुठं आहे. मी म्हटलं पुण्यात आहे, बाबाच्या नावाची पाटी लावून राहिला. त्यायनं मान हलवली अन् भात वाढून घेतला.

बिसरामकाकाले मी शिवलेली बंडी घातली. माप त्याच बंडीचं धरलं, जी तू परत पाठवली. गळ्याले बरोबर बसली, छातीले बरोबर बसली. डावा खिसा जाड कापडाचा केला. काका पाटावर बसले, खिशात हात घातला, खिसा रिकामा पाहून रडले. मी बी रडली. त्यायले पाहून आणखी चार लोकं रडले.

आता तुले गेजचं सांगते. तू आला असतास तं समोर सांगणार होती, शब्द देल्ला होता.

तो पितळी नव्हता. लोखंडी होता. गावातली खरी छोटी लाईन उखडली अन् बडी लाईन आली, तेव्हा बाबा भंगारातून एक चाबी घरी घेऊन आले होते. आयुष्यभर जी ठोकली त्यातलीच एक. रिटायर झाल्यावर तीच कानसेनं घासून घासून बोटाएवढी केली अन् खाचा पाडल्या. तू तो कधी हातात घेतलाच नाहीस, म्हणून तुले पितळी आठवते. मी तुह्या पत्रात पितळी वाचलं अन् लिवलं की पितळी काही घरात नाही. खोटं नाही लिवलं.

बाबा गेले त्या सकाळी तू अजून गाडीत होतास. आंघोळीसाठी बंडी काढली, अन् खिशातून गेज पडला. नवं कापड गुंडाळतानी मी तो बाबाच्या मुठीत ठेवला अन् मूठ दाबून धरली. मले वाटलं, त्यायचा आहे, त्यायच्यासंग जावा. तू आला तेव्हा वरून कापड होतं, तुले दिसलं नाही. आग तू देल्लीस.

तिसऱ्या दिवशी चुलबंदीवर राख सावडायले तू, बिसरामकाका अन् कुळातले गेले. बाया जात नाहीत. राखेत लोखंड जळत नाही. काकाले तो दिसला, त्यायनं ओळखला. उचलून, पाण्यात बुडवून, तुह्या हातात देल्ला अन् म्हटलं, हे घे, तुह्या बापाचा आहे. बहिरा माणूस, जास्त बोलत नाही. तू काय समजलास ते तुले माहीत. राख सावडतानी तुह्या बापाचा आहे म्हणून कोणी हातात देल्लं तं माणूस हाडच समजते. काळा पडला होता. तू तो मडक्यात टाकला, हाडाच्या वर, अन् मडकं पाण्यात सोडलं. काकाले वाटलं पोरानं विचार करून सोडलं, म्हणून काही बोलले नाही.

मले हे तेव्हा माहीत नव्हतं. मी समजून राहिली होती की राख सावडतानी तुले भेटला असेल, गेज तुह्यापाशी आहे, अन् बरं आहे म्हणून राहिली होती. तुह्या दुसऱ्या पत्रानंतर मी काकाच्या तोंडापाशी बसून विचारलं, तेव्हा कळलं.

तं मग तेव्हाच काऊन नाही सांगतलं, असं म्हणशील. सांगतलं असतं तं तू पत्र लिवणं बंद केलं असतं. बाबा गेल्यापासून तुह्या तोंडून भांडणाबिगर शब्द निघाला नव्हता अन् त्या लोखंडासाठी तू पत्रावर पत्र लिवून राहिला होतास. मले वाटलं, शोधत शोधत घरापर्यंत येशील. गेजसाठी आला तं आला, बरसीले चौरीपाशी बसशील. मी तुले फिरवलं. त्याची मले लाज नाही. पण पाह्य, तू त्याच्यासाठी बी आला नाहीस. दुसरा विकत भेटला तुले.

अन् बाबाचं माप चुकीचं होतं म्हणून लिवलंस. चुकीचं कोणाच्या हिशेबानं? बाबाचं इंजीन त्याच मापावर बनलं होतं, चाकं त्याच मापाची होती. ते त्याच रुळावर फिरत होतं, कधी पडलं नाही. मी रोज पाह्यलं आहे. तू दुसऱ्याचं माप आणून बाबाच्या रुळावर ठेवलंस अन् म्हणतोस बाबा बसत नाही.

आता एक काम कर. बाल्कनीतलं रुळाचं खोकं पाठवून दे. कुरिअरनं नको, वाकतील. रायपूरकडं जाणारा ट्रक पाह्य, कोहमाऱ्याच्या ढाब्यावर सगळे थांबतात, विक्की उतरवून घेईल. अन् काचेच्या पेटीतून इंजीन निघत असेल तं तेबी दे. तुले त्याचा उपयोग नाही, पाटी तं लागली. मी जोडणार नाही. माप राहिलं नाही तं जुळणार कसे? बाबाच्या खाटेखाली ठेवून देते.

यानंतर मले पत्र लिवू नको. फोन बी करू नको, मी उचलत नाही, तुले माहीतच आहे.

बंडी माह्यापाशी आहे. अजून धुतली नाही. कधी बाबाचं माप पाहिजे असलं तं तेवढंच राहिलं आहे. दुसरं तू पाण्यात सोडलंस.

सुखवंता